फरक

विजेच्या खांबावरून पडून वायरमन रमाकांतच्या मेंदूला मार बसला, त्याला तीन वर्षं झाली होती. त्याच्याच कमरेच्या हाडातून स्टेम सेल काढून मणक्यात सोडल्या की तो चालू लागेल, असं एका क्लिनिकने त्याच्या बायकोला, कुंदाला, सांगितलं. तिसऱ्या इंजेक्शननंतर त्यांनी व्हिडिओ काढला. दोन वॉर्डबॉयनी मागून धरून रमाकांतला उभं केलं आणि कुंदाला बोलायला लावलं. "खूप फरक आहे," ती म्हणाली. तेव्हा तिला खरंच तसं वाटत होतं.

पुढे वर्ष गेलं. रमाकांत अंथरुणातून उठला नाही, आणि कुंदाला त्याने ओळखलंही नाही.

एका दुपारी ती त्याला पेज भरवत होती, तेव्हा उदगीरहून एका अनोळखी बाईचा फोन आला. "ताई, तुमचा व्हिडिओ बघितला. माझी लेक स्कूटीवरून पडली, तिच्याबी डोक्याला लागलंय. सोमवारी तिला तिथंच नेतोय. तुमचे मिस्टर आता कितीक चालतात?"

"चालत नाहीत हो," कुंदा म्हणाली. "मागून धरलं होतं त्यांना, तेवढं व्हिडिओत दिसू दिलं नाही. मी चुकीचं बोलले. लेकीला नेऊ नका तिथं."

 पलीकडे त्या बाईचा आवाज चढला.

"तुमच्या माणसाला गुण आला नाही, म्हणून माझ्या लेकीलाबी येऊ नये, असं वाटतंय होय तुम्हाला?"

आणि तिने फोन ठेवून दिला.