चिकटपट्टी

वडील हंबीरराव रविवारी दाढी करून आले की सम्राटचं डोकंच फिरायचं. आजही हनुवटी दोन ठिकाणी कापलेली. चिकटपट्टी लावता लावता तो खेकसला, "आबा, कळंब्यात सलून न्हाय व्हय? त्या गणपतमामाचा हात लटलट कापतोय, आन् तुम्ही बस धरून मंगळवार पेठेत जाताय!"

"मी न्हाय गेलो, तर त्यो दुकान उघडंल कुणासाठी?"

वैतागून सम्राट तडक गणपतमामांकडंच गेला. "मामा, आता बंद करा की दुकान!"

"कवाच बंद केलंय, लेका. पर तुझ्या बाला दुसऱ्याचा हात चालत न्हाय, म्हणून रविवारचं तेवढं उघडतोय."

सम्राटनं येताना मेडिकलमधून चिकटपट्ट्यांचा अख्खा डबा घेतला.