काढून घेतलेली कुस्ती

“नागू उतरनार नाय. ही कुस्ती मी धरतो,” असं म्हणून इद्रिस वस्तादांनी भर आखाड्यात सदरा काढला आणि कशेळ्याच्या जत्रेत हशा पिकला.

हसण्यासारखंच होतं. वस्तादांचं वय बावन्न. उजवा हात कोपरापासून नाही. समोर घाटावरचा रावबा पैलवान. त्याच्या एकेका मांडीवर दोन माणसांची पंगत बसावी. पंच नियम आठवू लागले. एका हाताच्या माणसानं लढू नये, असा नियम कुणी केलेला नव्हता. तशी पाळी येईल असं वाटलं कुणाला होतं?

लंगोट कसून उभ्या असलेल्या नागूचे कान लाल झाले. “वस्ताद, जोड माझी लागलीय.”

“तुझी?” वस्ताद सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले. “एका झटक्यात आयेच्या पदरात जाऊन पडशील. जा, सदरा घाल. वारं सुटलंय, सर्दी होईल.”

आता लोक नागूला हसले. ढोलवाल्या बुधाजीनं तर काठी खाली ठेवून हसून घेतलं. नागूनं आखाड्याच्या कडेला येऊन सदरा हातात घेतला, पण घातला नाही. ज्या माणसापायी तीन वर्षं घाम गाळला, त्यानंच चव्हाट्यावर नाक कापलं होतं.

सहा वर्षांपूर्वी कर्जतपासून खालापूरपर्यंत इद्रिस वस्तादांच्या तालमीचा दबदबा होता. मग रावबा घाट उतरून आला. पहिल्या वर्षी त्यानं वस्तादांचा हात मोडला. तो चिघळला आणि काढावा लागला. दुसऱ्या वर्षी नागूचा थोरला भाऊ गजा त्याच्याच हातून पाय मोडून कायमचा काठीला लागला. त्यानंतर आणखी दोघं. मग आयांनी आपापली पोरं घरी नेली, तालमीच्या कौलांवर गवत उगवलं आणि आत माती उकरायला उरला एकटा नागू. तोही भावाच्या काठीचा आवाज ऐकवत नव्हता म्हणून उरला.

रावबाचा डाव एकच. सलामी झाली की तो थोडा घुटमळे, मग अंगाला भिडे, आणि डोळ्याचं पातं लवेतो समोरचा आडवा. त्यात तो नेमकं काय करी, हे या बाजूला कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याच्यावर डाव पडे त्याला फक्त आभाळ दिसे. जत्रेतले लोक बघत, पण बघणाऱ्यांना कळत नसे. आणि ज्यांना कळलं असतं ते बघतच नसत. या तालमीचा रिवाजच तसा होता. आपला माणूस अंगाला अंग भिडवून उभा राहिला आणि तो आता जाणार असं वाटलं, की पठ्ठ्यांनी मान खाली घालायची. पाठ लागलेली आपण पाहिली नाही म्हणजे ती लागलीच नाही, असा सोयीचा मानपान. सहा वर्षं तो अगदी निष्ठेनं पाळला गेला.

सलामी झडली. आखाड्याच्या कडेला तालमीचे जुने आठ पठ्ठे रांगेनं उभे होते, गजा काठी टेकून सगळ्यांत पुढे. रावबा सरकला, वस्तादांना भिडला. आठ माना खाली गेल्या.

नागूची गेली नाही. ‘पडू दे म्हातारा,’ त्याच्या मनात आलं. ‘डोळे भरून बघनार मी.’

रावबाचा पंजा सवयीनं उजव्या हाताकडे झेपावला. हात तिथं नव्हता; त्यानंच तो नेला होता. पंजा हवेत मिटला आणि रावबाचा सगळा डाव क्षणभर तसाच उघडा पडला. वस्ताद त्याच्या काखेखालून बेडकासारखे निसटले. लोक खो खो हसले. रावबा चिडला, वळला, आणि तोच डाव त्यानं डाव्या हातावर टाकला. खांदा कडकन वाजला. वस्तादांची पाठ मातीला लागली.

“बेशरमा!” गजा नागूवर ओरडला. “वस्ताद पडत असताना टकामका बघत हुबा रायलास? लाज नाय वाटत?”

रावबा हात वर करून आखाड्याला फेरी मारू लागला. “या तालमीचा आनखी कोन हाय का रं?” जिंकल्यावर असं विचारायची त्याची रीत होती, आणि गप्प राहायची इथल्यांची.

नागू वस्तादांपाशी गुडघ्यांवर बसला. राग उतरला होता. वस्तादांचा लोंबणारा डावा हात त्यानं हलकेच तोलून धरला. “वस्ताद, माफी करा. मी... मी मान खाली नाय घातली.”

“ते दिसलं मला,” वस्ताद दात आवळून म्हणाले. “काय बघितलंस ते बोल.”

नागू गोंधळला. मग हळूहळू बोलू लागला. “पकडताना त्याची उजवी टाच उचलते. दोन्ही वेळा उचलली. तवा सगळा भार डाव्या गुडघ्यावर असतो. तिथं नुसता धक्का दिला तरी...”

तो बोलता बोलता थांबला. वस्ताद हसत होते. मातीनं माखलेल्या तोंडावरून कळांनी आलेलं पाणी वाहत होतं आणि तरी माणूस सहा वर्षांत हसला नव्हता तसा हसत होता.

“जा, तुझी कुस्ती तिथं हुबी हाय,” ते म्हणाले. “माना खाली घालनारे आठ घडवले मी, नागू. तुला चिडवला नसता तर तू नववा झाला असतास.”