पुसून राहिलं

आमगावच्या दुर्गाप्रसादनं मेलेल्या उदारामचा हुबेहूब आवाज काढून फोनवर उदारामच्याच बायकोले गंडवलं होतं. ते रेकॉर्डिंग अजून कॉम्प्युटरात होतं, अन् विकलेला कॉम्प्युटर आज तिच्याच घरी जाणार होता.

नुसतं डिलीट केलं तं नावच जाते, माल आतच राहते. म्हणून त्यानं फाइलीवर तीनदा शून्यं गिरवायले लावली.

दुसऱ्या फेरीले त्याची बायको अंगणातून ओरडली, "अजी, कोणी पुसून राहिलं!"

"मीच तं पुसून राहिलो वं!" तो खिदळला.

तिसरी फेरी संपली. फाइल गेली.

बायको दारात आली. "खोडून टाकायचं नाही म्हणत मी. कोणी तुमाले पुसून राहिलं, घरी हाय का म्हणून. दिसत कोणी नाही. आवाज उदारामभाऊजीचा हाय."

"कोण करून राहिला माझी नक्कल?"

"नक्कल नाही जी," ती म्हणाली. "नक्कल मले ओळखू येते."