काळूचा खोकला

थोरल्या राजूचं लग्न झालं त्या सालची, सत्त्याण्णवची गोष्ट. अंगाची हळद निघायच्या आधीच नवरदेवाचा बाप काळू खोकल्यानं अंथरुणाला खिळला. त्याची बायको भागीबाई गावदेवीला नवस बोलली, "म्हातारा ठणठणीत होऊ दे, परसातला लाल कोंबडा तुला देईन." नवसाचा कोंबडा विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, आणि पाहुणा आला तरी कापता येत नाही.

काळू लवकरच उठला, पण खोकला राहिला. भागीबाईनं नवस फेडायला नारळ-शेंदराची टोपली भरली की त्याला हटकून उबळ यायची. पेठच्या डॉक्टरनं कोंबड्यांच्या पिसांवर ठपका ठेवला, तेव्हा तिनं जड मनानं सगळ्या कोंबड्या लेकीच्या घरी धाडल्या. नवसाचा तेवढा राहिला. तो काळूच्या खाटेवर बसून त्याच्याच ताटातली नागलीची भाकर टोचायचा.

"देवी लय पक्की हाय," भागीबाई कुरकुरायची. "म्हाताऱ्याला अर्धाच बरा केला. उरलेला अर्धा, कोंबडा हातात पडल्यावर करणार."

"मग राहू दे अर्धाच," काळू म्हणायचा आणि खोकायचा. "देवीला घाई नाय, तुला कशाला?"

असं करता करता नातू शाळेत जायला लागला. एका सकाळी भागीबाईच्या ध्यानात आलं, म्हातारा आज खोकलाच नाही. तिनं लगबगीनं टोपली भरली आणि कोंबडा धरायला परसात गेली. तिथं काळू नाकडोळे पुसत खड्डा खणत होता.

कोंबडा दोन हजार तीनच्या पोळ्याच्या आदल्या रात्री म्हातारपणानं मेला.