वन्स मोअर

"नुसते ओठ हलव रे, कुणाला काय कळतंय!" असं म्हणत दळवी सरांनी विंगेत मोबाइल स्पीकरला जोडला आणि ओजसला रंगमंचावर ढकललं.

नववीच्या मुलांनी स्वतः रचलेलं संगीत नाटक होतं ते. त्यातल्या नावाड्याच्या पदाला ओजसनेच चाल लावली होती, आपल्या उंच, नितळ आवाजाला शोभेल अशी. पण दिवाळीच्या सुट्टीत त्याचा आवाज फुटला. सरांनी पट्टी उतरवून पाहिली, आईने ज्येष्ठमध चघळायला लावलं. तरी वरचा सूर लावायला गेलं की नुसती खरखर. शेवटी सरांनी जुन्या तालमीचं रेकॉर्डिंग शोधून काढलं.

ते वाजलं, ओजसने वल्हं मारत ओठ हलवले आणि सभागृह दणाणलं, "वन्स मोअर!" हीच आरोळी ऐकायला तो जूनपासून आसुसला होता. पोराचा आवाज परत आला, या आनंदात आई तर चक्क उभी राहिली.

सरांनी खुशीत रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. नितळ सूर वर चढला. ओजसचे ओठ मात्र हललेच नाहीत. वल्हं खाली ठेवून तोही, इतरांसारखाच, नुसता ऐकत राहिला.

आई हळूच खाली बसली.