आधी आई

हनुवटीवरच्या केसांमुळे लेकीनं कॉलेजात जाणं सोडलं होतं. आई तिला कशीबशी क्लिनिकमध्ये घेऊन आली, पण सुई पाहताच लेक दाराकडे वळली. "आधी माझे काढा," म्हणत आईच खुर्चीत रेलली. तिच्याही हनुवटीवर तसेच केस होते. वर्षानुवर्षं ती ते गुपचूप कात्रीनं छाटायची. डॉक्टरबाईंनी एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई सरकवली, क्षणभर वीज सोडली आणि केस चिमट्यानं अलगद उचलला. "मूळ मेलं की केस परत उगवत नाही," त्या म्हणाल्या, "पण सगळे केस जायला वर्षभर यावं लागेल." "दुखतंय का गं?" लेकीनं विचारलं. "तुझ्या टोमण्यांपेक्षा कमी." लेक हसली. "ऊठ, आता मी बसते." आई उठली नाही. आरशात नखाएवढी मोकळी जागा न्याहाळत म्हणाली, "थांब जरा, अजून काढू देत. मला वाटलं होतं, मी फक्त तुझ्यासाठी आलेय."