पाणी सोडा म्हणावं

संडासातली टाकी सुस्कारली आणि घरातली शांतता मोडली. फ्लश कोणी केलाच नव्हता. टाकीतलं पाणी आपोआप भांड्यात पाझरत होतं आणि टाकी पुन्हा पुन्हा भरून घेत होती.

नवरा-बायकोत आठ दिवस अबोला होता. काही सांगायचं ते पाच वर्षांच्या ठकूमार्फत. ठकूला हा खेळच वाटायचा.

टाकीला झालंय काय, यावरही दोघं दोन टोकांना. तो म्हणे, फ्लोट बिघडलाय; त्याची दांडी त्याने तीनदा वाकवून झाली होती. ती म्हणे, तळाचं रबर गेलंय. आज तिने टाकीत शाई ओतली आणि कोणाला फ्लशला हात लावू दिला नाही. अर्ध्या तासाने भांड्यातलं पाणी निळं झालं.

तिने ठकूला धाडलं, येऊन बघा म्हणावं. तो आला नाही, निरोप आला.

"बाबा म्हणतात, आईला सगळंच रंगवून सांगायची सवय आहे."

ती दातओठ खात कामाला लागली. टाकीजवळची तोटी गंजून घट्ट बसलेली. पाणी बाल्कनीतल्या मोठ्या व्हॉल्व्हवरूनच बंद करावं लागणार होतं, आणि तिथे हात पोचायचा फक्त त्याचा. ठकू जाऊन सांगून आली. व्हॉल्व्ह बंद झाला.

तिने टाकी रिकामी केली, जुनं रबर ओढून काढलं. कडा झिजलेल्या, बोटं काळी करणारं. म्हणजे तिचंच खरं होतं. तिला आनंद झाला, आणि तो दाखवायला घरात एकच माणूस होता. तिने नवं रबर बसवलं, साखळी अडकवली.

"ठकू, बाबांना सांग, झालं. पाणी सोडा म्हणावं."

ठकू पळाली. पळता पळता अर्धा निरोप वाटेत सांडला.

"बाबा, आई म्हणते, झालं. सोडा."

मग काहीच नाही. पाईप खडखडला नाही, टाकीत थेंब आला नाही. कुठला शब्द गळला ते तिने ऐकलं होतं. चार पावलं जाऊन तेवढा एक शब्द तिला सांगता आला असता. ती उकिडवी बसून राहिली. आपणच आधी बोलायचं? तेही संडासाच्या टाकीपायी?

ठकू परत आली ती मात्र सावकाश, पुटपुटत, एकही अक्षर चुकू नये म्हणून.

"आई, बाबा विचारतात, काय सोडू? पाणी की घर?"

काळ्या बोटांनी तिने टाकीची कड धरली.

ठकू एका पायावर उभी होती, पळायच्या तयारीत.

"सांग ना आई. कुठलं सांगू?"